एक गुडघा कच्चा, एक पाय कमजोर: स्क्वॉट कुठून सुरू करायचा

दोन पायांवर मारलेली बैठक कमजोर पाय झाकून टाकते. ज्या पायात दम आहे तो न विचारता जास्त भार उचलतो, कंबर त्याच्या बाजूला सरकते आणि माणूस आरामात खाली जाऊन वर येतो. आरशात सगळं ठीकच दिसतं. दोन-तीन महिने असंच चाललं की मजबूत पाय आणखी मजबूत होतो, कच्चा होता तिथेच राहतो, आणि मग जिना उतरताना गुडघा तक्रार करतो. ‘रोज स्क्वॉट मारतो, तरी गुडघा सुधारत नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं इथेच असतं. त्यामुळे इथे क्रम उलटा आहे. आधी कमजोर पाय किती कमजोर आहे ते मोजायचं, मग त्याला एकट्याला काम द्यायचं, आणि दोन पायांची वजनदार बैठक सगळ्यात शेवटी.

हे कोणाच्या कामाचं? जुनी दुखापत भरून आली पण पाय बारीक राहिला, प्लास्टर निघून वर्ष झालं, एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या मुख्य अस्थिबंधाच्या, ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी संपली आणि पुढे काय ते कळेना, गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखतं, किंवा पन्नाशीत ‘थोडी झीज आहे, व्यायाम करा’ एवढंच सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं, अशा सगळ्यांच्या. ऑपरेशन ताजं असेल तर मात्र सर्जन आणि फिजिओथेरपिस्टने दिलेलं वेळापत्रकच पाळायचं. विशेषतः मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, शिवलेला असेल तर पहिले काही महिने वजन घेऊन खोल वाकायला मनाई असते, आणि ती मनाई टाके टिकावेत म्हणून असते.

आधी थांबायचं कोणी

गुडघा मध्येच अडकतो आणि हाताने हलवल्याशिवाय सरळ होत नाही. चालता चालता पाय अचानक निसटतो. गुडघा लाल, गरम झालाय आणि अंगात ताप आहे. पडल्यानंतर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नाहीत. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखतेय. यातलं एकही लागू असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. शेवटची खूण तर त्याच दिवशी दाखवायची, कारण ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचीही असू शकते. मांडी काही काळापासून सारखी बारीक होत चालली आहे आणि सोबत कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरतोय, तर दोष गुडघ्यात नसून मणक्याजवळच्या नसेत असू शकतो. तिथे स्क्वॉट हे उत्तर नाही.

गुडघ्यातून नुसता कट-कट आवाज येतो, दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाकडे दुर्लक्ष करा. फक्त आवाजाला घाबरून व्यायाम सोडणारे पुष्कळ असतात.

पहिला दिवस फक्त मोजमापाचा

लागतं ते असं: शिंप्याची मोजपट्टी, न हलणारी एक खुर्ची, मोबाइल, चिकटपट्टी, वही, आणि जमल्यास बाथरूममध्ये ठेवतात तसे दोन वजनकाटे. दुसरा काटा शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी आणला तरी चालतो.

मांडीचा घेर मोजताना पाय पसरून जमिनीवर बसा, स्नायू ढिला सोडा. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमी वर पेनाने खूण करा आणि तिथला घेर घ्या, दोन्ही पायांचा. १ सेंमीचा फरक मोजपट्टी तिरकी पडली तरी येतो, त्यामुळे तो सोडून द्यायचा. २ सेंमी किंवा जास्त फरक आला तर स्नायू खरंच उतरला आहे. पण घेर म्हणजे ताकद नव्हे. चरबीमुळे दोन्ही मांड्या सारख्या दिसू शकतात आणि ताकदीत जमीनअस्मानाचं अंतर असू शकतं.

घोट्याची तपासणी बहुतेक लोक विसरतात. अनवाणी भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे न्या, पुन्हा टेकवा. टाच उचलायला लागण्याआधीचं शेवटचं अंतर, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत, मोजा. १० सेंमीच्या आसपास आलं तर बैठकीपुरतं भागतं. दोन पायांत २ सेंमीहून जास्त फरक असेल तर तुम्ही खाली जाताना शरीर पिळलं जाणारच, मग ताकद सारखी असली तरीही. घोटा मुरगळून गेलेल्यांमध्ये हे हमखास सापडतं, आणि दोष मात्र गुडघ्यावर येतो.

आता एका पायावर उठणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. फरशीवर प्लास्टिकची खुर्ची मागे घसरते आणि माणूस आपटतो. साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंमी असते. हात छातीवर, एक पाय हवेत, दुसऱ्या पायावर उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसलात तर तो मोजायचा नाही. ५ वेळा जमलं नाही तर खुर्चीवर घट्ट घडी घातलेली चादर किंवा जाड पुस्तकं ठेवून उंची वाढवा. प्रत्येक पायासाठी ‘किती उंचीवरून ५ वेळा’ हा आकडा वहीत लिहा. उजवा ४५ सेंमीवरून आणि डावा ५८ सेंमीवरून उठत असेल, तर तुमच्या पायांमधली दरी तुम्हाला आकड्यात सापडली. वाटीत १० पैकी ४ किंवा अधिक दुखत असेल तर ही चाचणी सोडा. तोल जात असेल किंवा वय बरंच असेल तर बाजूला माणूस उभा करा.

वजनकाट्यांची चाचणी सगळ्यात बोलकी. आधी एकच वस्तू, समजा तांदळाची पिशवी, दोन्ही काट्यांवर ठेवून दोन्ही सारखं दाखवतात का ते पाहा. मग कडक फरशीवर काटे शेजारी ठेवा, एकेकावर एकेक पाय, मागे खुर्ची. खाली जाऊन खुर्चीला स्पर्श होण्याआधी ३ सेकंद थांबा आणि दुसऱ्या कोणाला तरी आकडे वाचायला सांगा. तुम्ही स्वतः मान खाली घालून पाहिलंत की भार बदलतो. ७० किलोच्या माणसाला ३५-३५ यायला हवेत. ४० आणि ३० आले तर कमजोर पाय मजबूत पायाच्या ७५ टक्केच भार घेतोय. दोन-चार किलोंचा फरक निरोगी माणसातही असतो, तो शून्यावर आणायच्या मागे लागू नका.

शेवटी जमिनीवर चिकटपट्टीची एक सरळ रेघ मारा, दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा, आणि मोबाइल मागून कंबरेच्या उंचीवर ठेवून ५ बैठकांचं चित्रीकरण करा. पाहायचं एवढंच: वर येताना कंबर रेघेच्या कुठल्या बाजूला जाते. समोरच्या आरशात हे दिसत नाही, कारण आरशात बघता बघता माणूस स्वतःला दुरुस्त करून घेतो.

सूज असेल तर ताकद येणार नाही

ही गोष्ट समजून घेतली नाही तर महिने वाया जातात. गुडघ्याच्या सांध्यात थोडं जरी पाणी साठलं तरी तिथल्या नसा मज्जारज्जूला असे संदेश देतात की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पूर्ण आदेश जातच नाही. तुम्ही कितीही जोर लावा, स्नायूचा काही भाग कामावर येत नाही. त्यामुळे सुजलेल्या गुडघ्यावर स्क्वॉट वाढवत गेलात की सगळं काम नितंब, पाठ आणि दुसरा पाय वाटून घेतात. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दोन्ही पायांत ताडून पाहा. एका पायाचा खळगा भरून आलेला दिसला तर पुढचे काही दिवस वजन नाही, खोली नाही, फक्त खाली दिलेला पहिला टप्पा. खळगा आठवड्याभरात मोकळा झाला नाही तर दाखवून घ्या.

दुखण्यासाठी नियम असा. शून्य म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच असायला हवा. त्याहून आखडलेला, सुजलेला किंवा जास्त दुखरा निघाला तर कालचा डोस जास्त होता, पुढच्या वेळी एक पायरी मागे. मांडीच्या मांसात दोन दिवस रेंगाळणारी ठसठस वेगळी. ती कामाची आहे.

पहिला टप्पा: झोपलेला स्नायू उठवणं (साधारण २ आठवडे)

पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी. गुंडाळी खाली दाबत मांडीचा पुढचा भाग आवळा, ५ ते १० सेकंद धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बोटांनी वाटीच्या आतल्या अंगाचं मांस चाचपून पाहा, ते दगडासारखं घट्ट झालं पाहिजे. दुसऱ्या पायाशी तुलना केली की फरक लगेच हाताला लागतो.

त्यानंतर पाय सरळ ठेवून उचलणं: पाठीवर झोपून, गुडघा पूर्ण ताठ करून टाच एक फूट वर, १० वेळा, ३ फेऱ्या. इथे एक खूण पाहा. टाच उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर स्नायू अजून शेवटचे काही अंश सांभाळत नाही. तो ताठ राहीपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही.

तिसरा, भिंतीला पाठ टेकून बसणं. पाय भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. मांड्या जमिनीला समांतर आणायची हौस नको, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त खाली पुरे. ३० ते ४५ सेकंद, ४ वेळा, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. इथेही मजबूत पाय चोरून भार ओढतो. उपाय सोपा आहे: मजबूत पायाची टाच उचलून फक्त चवडा टेकवा, भार आपोआप दुसरीकडे जातो. श्वास रोखू नका. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी तर अजिबात नाही, कारण न हलता जोर धरून ठेवताना दाब बराच वर जातो. त्यांनी १५-२० सेकंदांचे तुकडे करावेत.

दुसरा टप्पा: खुर्चीपर्यंतची बैठक

मऊ तळाचे पळायचे बूट काढा. त्यांचा स्पंज एका बाजूला दबतो आणि गुडघा त्या बाजूला कलतो. अनवाणी किंवा सपाट कॅनव्हासचे बूट बरे. चप्पल नको.

पाय खांद्याइतके रुंद, बोटं किंचित बाहेर. दोन्ही पावलं एका रेषेत आहेत का ते खाली बघून खात्री करा. एक पाऊल २-३ सेंमी मागे राहणं ही शरीराची जुनी युक्ती, आणि भार कमी कुठे द्यायचा हे ते असंच ठरवतं. तळपायाच्या तीन जागा जमिनीला चिकटलेल्या हव्यात: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. आता नितंब मागे आणि गुडघे पुढे, दोन्ही एकाच वेळी. ३ सेकंदांत खाली, खुर्चीला हलका स्पर्श, १ सेकंद थांबा, वर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जायला हवा.

‘गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये’ हा जिममधला नियम तुम्हाला दहा जण ऐकवतील. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समोर फळी उभी करून गुडघे पुढे जाऊ दिले नाहीत. गुडघ्यावरचा ताण २२ टक्क्यांच्या आसपास उतरला खरा, पण कंबरेच्या सांध्यावरचा अनेक पटींनी चढला. म्हणजे ताण नाहीसा झाला नाही, पत्ता बदलला. वाटी ठणकत असताना काही आठवडे नडगी थोडी उभी ठेवणं शहाणपणाचं आहे. कायमचा नियम करून टाकलात तर ज्या स्नायूला वाढवायचं त्यालाच उपाशी ठेवलंत.

खोली ठरवताना हे लक्षात ठेवा की उभं राहून केलेल्या बैठकीत वाटीच्या मागचा दाब पहिल्या ४५ अंशांत कमी असतो आणि ९० अंशांपर्यंत चढत जातो. म्हणून उंच आसनापासून सुरुवात. ६० सेंमीवर ३ फेऱ्या, प्रत्येकी १०, सलग दोन वेळा न कुरकुरता झाल्या की ४-५ सेंमी खाली. पुस्तकं, चौरंग, पाट, जे असेल ते एकावर एक रचा, पण रचलेलं हलायला नको. तोल किंवा भीती आड येत असेल तर खिडकीच्या गजांभोवती टॉवेल अडकवून दोन्ही हातांनी धरा. हातांनी ओढून वर येऊ नका, फक्त आधार.

तिसरा टप्पा: एकेक पाय. खरं काम इथे आहे

दोन काटे ३५-३५ दाखवायला लागले म्हणजे झालं, असं वाटतं. पण एक फसवणूक अजून शिल्लक असते. भार पायावर आला तरी धड पुढे झुकवून शरीर तो गुडघ्याकडून कंबरेच्या सांध्याकडे वळवतं. काट्याला हे कळत नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर तर हे नेहमीच दिसतं: बैठक सरळ, समतोल, देखणी, आणि क्वाड्रिसेप्स मात्र तसाच दुबळा. म्हणून एकेका पायाचा व्यायाम टाळून पुढे जायचा रस्ता नाही.

पायरी चढणं. १० सेंमीच्या पाटापासून सुरुवात, मग जिन्याची पायरी, जी साधारण १५ ते १८ सेंमी असते, मग २० सेंमी. कमजोर पाय पूर्ण वर ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर चढायचं. इथली चोरी म्हणजे खालच्या पायाने मारलेली उडी. ती बंद करायला खालच्या पायाची बोटं वर उचला, जमिनीला फक्त टाच टेकलेली राहू द्या. टाचेने उडी मारता येत नाही. पहिल्यांदा असं केल्यावर पायरीची उंची निम्मी करावी लागली तर तीच तुमची खरी उंची होती. उतरताना ३ सेकंद घ्या. ८ वेळा, ३ फेऱ्या.

पायरी उतरणं हा याचाच कठीण भाऊ. पायरीच्या कडेला उभं राहून दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीला हलकी टेकवायची आणि परत वर. मोबाइल समोर ठेवा. गुडघा आत पडतो का, विरुद्ध बाजूची कंबर खाली लटकते का, हे पाहा. आत पडत असेल तर दोष बहुतेक नितंबाच्या बाजूच्या स्नायूत असतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, १२ ते १५ वेळा, २ फेऱ्या, जोडीला घ्या आणि पायरीची उंची कमी करा.

पुढे-मागे पाय ठेवून बैठक, म्हणजे स्प्लिट स्क्वॉट. कमजोर पाय पुढे, दुसरा दोन-अडीच फूट मागे, मागच्या गुडघ्याखाली उशी. एक हात भिंतीला. सरळ खाली जायचं, उशीला स्पर्श झाला की वर. पाऊल लांब ठेवलं आणि नडगी उभी राहिली तर गुडघ्याला सोपं. पाऊल जवळ घेऊन गुडघा पुढे जाऊ दिला तर मांडीच्या पुढच्या भागाला जास्त काम. पहिल्यापासून दुसऱ्याकडे सावकाश जायचं.

जिम असेल तर लेग एक्स्टेन्शनचं मशीन वापरा, म्हणजे बसून नडगीने वजन उचलत गुडघा सरळ करायचं, एकेका पायाने. हे मशीन उगाच बदनाम झालं आहे. वाटी दुखणाऱ्यांनी पूर्ण वाकलेल्या ९० अंशांपासून ४५ अंशांपर्यंतच सरळ करावं, कारण इथे गणित बैठकीच्या उलटं आहे आणि शेवटच्या सरळ होणाऱ्या भागात वाटीवर ताण वाढतो. एसीएल नवीन बसवलेला असेल तर कधीपासून आणि किती, ते फिजिओथेरपिस्ट ठरवेल. मशीनचा दुसरा उपयोग मोजमापाचा. मजबूत पाय २० किलो १० वेळा उचलतो आणि कमजोर १४ किलो, तर तुम्ही ७० टक्क्यांवर आहात. खेळाडूंना मैदानात परत सोडताना ९० टक्क्यांची रेघ सर्रास धरतात. आपणही तीच धरू.

फेऱ्यांची वाटणी कायम अशी ठेवा: पहिली फेरी कमजोर पायाची. तो जितक्या वेळा करेल तितक्याच वेळा मजबूत पाय, एकही जास्त नाही, जरी त्याला खेळ वाटला तरी. कमजोर पायाला ३ फेऱ्या, मजबूत पायाला २. मजबूत पाय पूर्ण बंद ठेवायचा मोह होतो, तो आवरा; त्याची ताकद उतरवून आलेली समानता काय कामाची?

आठवडा कसा भरायचा

आठवड्यातून ३ दिवस, दोन दिवसांत किमान ४८ तास, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शनिवार. आधी ५ मिनिटं चालणं किंवा सायकल. पाचव्या-सहाव्या आठवड्यातला एक दिवस साधारण असा दिसतो: भिंतीला टेकून ४० सेकंद २ वेळा, टाच टेकवून पायरी चढणं कमजोर ३ गुणिले ८ (३ फेऱ्या, प्रत्येकी ८), मजबूत २ गुणिले ८, स्प्लिट स्क्वॉट तसाच, शेवटी खुर्चीची बैठक ३ गुणिले १०. फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. दोन पायांचं काम मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. एरवी पुस्तकी क्रम उलटा असतो, पण इथे ताजेपणा कमजोर पायाला मिळायला हवा. पाऊण तासाच्या वर वेळ जात असेल तर विश्रांतीत मोबाइल बघणं चाललंय.

शेवटच्या फेरीत अजून दोन-तीन बैठका सहज निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. तसं सलग दोन वेळा झालं की वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट: उंची, किंवा वजन, किंवा संख्या. तिन्ही एकाच दिवशी वाढवले आणि गुडघा फुगला तर कशाने, ते कळत नाही.

घरी वजनाला पाणी उत्तम. १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे ५ लिटरच्या कॅनमध्ये हवं तेवढं भरून छातीशी धरता येतं. त्याच्या पुढे पाठीवरची सॅक उलटी, छातीवर घालून तांदळाच्या किंवा कणकेच्या पिशव्या. समोर वजन असलं की धड उभं राहतं आणि मागे पडायची भीती जाते. वाढ १ ते २ किलोंची. एका हातात वजन घेऊन दुसरा हात मोकळा असं करू नका, पुन्हा एका बाजूचा डाव सुरू होतो.

बारबेल कधी

बारबेल म्हणजे दोन्ही टोकांना वजनं अडकवायची लांब लोखंडी पट्टी. तिला हात लावायचा तो चार गोष्टी एकत्र जमल्यावर: ४५ सेंमीच्या खुर्चीवरून दोन्ही पायांनी एकेकट्याने उठता येतंय आणि दोघांच्या संख्येत एक-दोनचाच फरक आहे, काट्यांवरचा फरक १० टक्क्यांच्या आत, लेग एक्स्टेन्शन ९० टक्के, आणि छातीशी १२ ते १६ किलो धरून १० बैठका झाल्या तरी दुसऱ्या दिवशी सूज नाही. यातलं एक राहिलं असेल तर बारबेलला अजून तीन-चार आठवडे आहेत.

ऑलिंपिक पट्टी २० किलोची असते, पण गल्लीतल्या जिममध्ये ती १० किंवा १५ चीही निघते. काट्यावर ठेवून बघा. रॅकच्या, म्हणजे पट्टी ठेवायच्या चौकटीच्या, आडव्या सुरक्षा पट्ट्या तुमच्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा ३ ते ५ सेंमी खाली लावा. कमजोर गुडघा अर्ध्यात निसटला तर पट्टी तुमच्याऐवजी त्यांच्यावर बसते. पहिला आठवडा नुसती पट्टी, ३ गुणिले ८. वाढ एकूण २.५ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. बहुतेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा सापडत नाहीत, स्वतःची जोडी पिशवीत ठेवा.

सहाव्या बैठकीला कंबर सरकली तर ती फेरी सहालाच संपली, ठरवलेले ८ पूर्ण करायचे नाहीत. सरकलेल्या अवस्थेत काढलेल्या दोन बैठका जुनी सवयच पक्की करतात.

स्मिथ मशीनमध्ये पट्टी रुळावर चालते, तोल जात नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. अडचण अशी की शरीर हवं तितकं पिळलं तरी पट्टी सरळच राहते आणि चूक दिसत नाही. त्यापेक्षा एका पायाने लेग प्रेस, म्हणजे बसून पायाने वजन ढकलायचं मशीन, बरा.

चुका, आणि त्या का होतात

गुडघ्याला बेल्ट किंवा नी कॅप लावून वजन वाढवणं. कॅपने ऊब मिळते, भरवसा येतो, तेवढंच. कॅप काढल्यावर जे जमत नाही ते तुमचं नाही.

टाचेखाली लाकडी फळी किंवा प्लेट ठेवणं. आखडलेल्या घोट्याला १ ते २ सेंमीची उंची मदत करते आणि क्वाड्रिसेप्सला कामही जास्त देते, पण वाटीवरचा ताणही वाढवते. ठेवायचीच तर दोन्ही टाचांखाली सारखी. एकाच टाचेखाली ठेवणं किंवा ‘एक पाय आखूड आहे’ असं स्वतःच ठरवून बुटात गादी घालणं चुकीचं. पाय आखूड आहे की कंबर कललेली आहे, हे नीट मोजल्याशिवाय कळत नाही.

तालमीतल्या देशी बैठका थेट सुरू करणं. त्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो, गुडघा बराच पुढे जातो आणि संख्या शेकड्यात. तयार पैलवानाच्या गुडघ्याला ते पेलतं. कच्च्या गुडघ्यासाठी ती शेवटची पायरी आहे, आणि ती चढलीच पाहिजे असंही नाही.

उकिडवं बसणं हाही वेगळा विषय. देशी संडासात किंवा भाजी निवडायला उकिडवं बसताना गुडघा १३० अंशांच्या पुढे वाकतो. स्क्वॉट ९० अंशांपर्यंत सुधारला म्हणून ते आपोआप जमेल असं नाही. हवंच असेल तर खिडकीचे गज किंवा दाराची भक्कम चौकट धरून, वजनाशिवाय, दर आठवड्याला थोडं थोडं खाली जा, आणि खाली गेल्यावर सुरुवातीला १० सेकंदांहून जास्त बसू नका. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र सर्जनच्या परवानगीशिवाय या वाटेला जाऊ नये. कृत्रिम सांध्याला इतकं खोल वाकणं सहसा वर्ज्य सांगतात.

दर चार आठवड्यांनी पहिल्या दिवसाची सगळी मोजमापं पुन्हा घ्या, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी. खुर्चीची उंची आधी सुधारते, काट्यांचे आकडे त्याच्या मागून. मांडीचा घेर सगळ्यात शेवटी हलतो, कधी कधी तीन महिन्यांनी. १२ आठवडे नेमाने करूनही उंचीचा आकडा जागचा हलला नाही, तर आणखी जोर लावू नका. वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. बारा आठवड्यांचे आकडे समोर असले की त्याला पहिल्याच भेटीत कुठे बघायचं ते कळतं.